सांडव्यावरची पोती

धाऊभाऊ,

गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं म्हणतात, आणि त्याच्याशी भांडू तर मुळीच नये. मला दोन्ही जमायचं नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि अर्धवट राहिलेल्या कामांचा मला हल्ली फार शीण येतो. तेव्हा चांगलंही लिहीन आणि भांडेनही. तुम्ही मध्ये तोंड घालणार नाही, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच होतंय. त्याचंही बरं वाटत नाही.

तुमच्या तेराव्याला मी आले होते. मांडवात बायकांच्या मागं बसले. शेजारची एक म्हातारी मला निरखून बघत होती. "तुमी कोन म्हनायच्या?" तिनं विचारलं. मी काही बोलायच्या आत पुढची बाई म्हणाली, "अगं, ह्या पान्याच्या बाई. धाऊचं सायेब." मला हसू आलं, मग रडू आलं, मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून पदर सावरला. साहेब! तुम्ही मला कधी साहेब मानलंत? पहिल्या महिन्यात 'म्याडम' म्हणालात, दुसऱ्या महिन्यापासून 'ताई', आणि मनात काय म्हणत होतात ते देवाला ठाऊक.

लोकांना खलाशी म्हटलं की समुद्र आठवतो. ऑफिसात नवीन पोरं आली की मला दर वेळी समजावून सांगावं लागतं, की बाबांनो, पाटबंधारे खात्यात खलाशी म्हणजे साखळी ओढणारा, पट्टी धरणारा, खुंट्या ठोकणारा, वाटेतल्या करवंदीच्या जाळ्या तोडणारा, आणि मोजणीच्या बाई गाळात रुतल्या की त्यांना उपटून काढणारा. मी मोजायचं आणि तुम्ही मला मोजायच्या जागी जिवंत पोचवायचं, अशी आपली वाटणी होती. कार्ल्याखालच्या पाझर तलावापासून थेट आंदर मावळाच्या टोकापर्यंत सरकारचं जेवढं म्हणून साठलेलं पाणी आहे, ते आपण दोघांनी वर्षानुवर्षं मोजलं. किती चढलं, किती उतरलं, तळाला गाळ किती बसला, काठावर कुणी कुंपण पुढं सरकवलं. निवृत्त झालात तरी सोमवारी बांधावर हजर. "घरी बसा की आता," मी म्हणायची. "घरी बसलो तर म्हातारी भांडी घासाय लावती," म्हणायचात. वहिनींनी तुम्हाला एक वाटीसुद्धा कधी विसळू दिली नसेल.

पहिला दिवस तुम्ही किती वर्षं रंगवून सांगत होतात! कान्हे स्टेशनवर मी उतरले ती टाचांच्या सँडल घालून, इस्त्रीची साडी, हातात डब्याची पिशवी. तुम्ही माझ्या पायांकडं पाहिलंत, मग वर आभाळाकडं पाहिलंत. एसटी निम्म्या वाटेपर्यंत, पुढं दीड तास चाल. मोजणीच्या दुर्बिणीची पेटी डोक्यावर घेऊन तुम्ही पुढं, मी मागं लंगडत. चढ संपता संपत नव्हता. मध्येच तुम्ही विचारलंत, "पवता येतं का?"

"नाही."

"मंग पान्याची नोकरी कशापायी धरली?"

"मला रस्ते हवे होते. पाणी दिलं."

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा हसलात. "आमाला जिमीन हवी व्हती," म्हणालात, "आमालाबी पानीच दिलं."

त्याचा अर्थ मला पुढं कळला, गाळ मोजताना. ट्रकच्या चार ट्यूबा आणि वर फळ्या, असला आपला तराफा. मी फळी घट्ट धरून देवाचं नाव घेत बसायची, आणि तुम्ही वजन बांधलेला दोर पाण्यात सोडायचात. दोराला हाता-हातावर चिंध्या बांधलेल्या. तलावाच्या मधोमध आलो तेव्हा तुम्ही दोर सोडलात, चिंध्या मोजल्यात आणि म्हणालात, "बारा हात. हितं आमचं खळं व्हतं." मी वहीत बारा हातांचे मीटर केले. खळ्याचं काही लिहिलं नाही, लिहायला रकानाच नव्हता. मला फार वाईट वाटलं होतं, भाऊ. पण मी तेव्हा नवी होते, तोंड मिटून पेन्सिलला टोक करत बसले.

तलाव कुणाचा, यावर आपण किती डोकं फोडलं असेल! मी म्हणायची, सरकारचा. सातबारा दाखवायची. तुम्ही तंबाखू मळत म्हणायचात, "खातं म्हंजी राखनदार, ताई. राखनदारानं खळ्यावर झोपावं. खळं माजं म्हनू न्हाई." मी म्हणायची, राखणदार नसता तर बंगलेवाल्यांनी एव्हाना पाण्यात खुर्च्या टाकल्या असत्या. ते मात्र तुम्हाला पटायचं. लोणावळ्याच्या बाजूला त्या एका बंगल्यानं आपले हद्दीचे दोन दगड उपटून पाण्यापर्यंत पायऱ्या बांधायला घेतल्या होत्या, आठवतं? आपण दगड परत जागेवर रोवले, तर मालकाचा माणूस पहार घेऊन आला. तुम्ही सरळ दगडावर जाऊन बसलात. "उचला आता," म्हणालात, "माज्यासकट उचला." तुम्ही खिशातून शेंगा काढून सोलायला लागलात. तास-दीड तास गेला, टरफलांचा ढीग झाला, आणि तो माणूस कंटाळून निघून गेला. त्या दिवशी तुम्ही नसतात तर मी पळून आले असते. हे मी ऑफिसात कधी कबूल केलं नाही, आता करते.

म्हणून तर मला नवल वाटायचं, की दगडासाठी असा जीव टाकणारा माणूस एका तलावाच्या दगडांविषयी कधी चकार शब्द काढत नाही. तुमच्याच वस्तीखालचा तलाव. बाकीच्या दगडांना दर वर्षी चुना मारायचात, तिथल्या दगडांना म्हणायचात, "ऱ्हाऊ द्या, पुढल्या साली." खोटं लिहिलं मी आत्ता. मला नवल वाटायचं नाही. तिथपर्यंत येतेच.

त्या तलावाला भरून दुसरं वर्ष होतं. जमिनी घेताना कागदावर लिहिलेलं, की तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येईल तिथवर सरकारची. पण जिथवर म्हणजे कुठवर? ते दाखवायला काठानं दगड रोवायचे होते, आणि दगड कुठं रोवायचे ते आपण दोघांनी ठरवायचं होतं. दुर्बिणीनं करायला गेलो तर जाळ्यांतून नजर पोचेना. तेव्हा तुम्ही म्हणालात, "ताई, ह्या नळकांड्याचा नाद सोडा. पान्यावानी सपाट दुसरं काय हाय? पानीच सांगंल."

अक्कल खरी होती. पाऊस ओसरला की तलाव काठोकाठ असतो. जास्तीचं पाणी सोडायला बांधाच्या टोकाला जो सांडवा असतो, त्याच्यावरून करंगळीएवढी धार चाललेली असते. म्हणजे पाणी बरोबर सांडव्याच्या माथ्याला. सकाळी, वारा सुटायच्या आत, काठाकाठानं चालायचं आणि पाण्याच्या कडेला वीस-वीस पावलांवर खुंटी ठोकायची. पाण्यानं रेघ ओढूनच ठेवलेली असते. मला हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी आपण ते केलं. तुम्ही पुढं हातोडा घेऊन, मी मागं वही घेऊन, दुपारपर्यंत तलावाला पुरता वेढा. एरवी तोंडाचा पट्टा चालणारे तुम्ही, त्या दिवशी गप्प होतात. वहीवर मी सही केली, खाली तुम्ही 'धाऊ' एवढंच लिहिलंत. थंडीत ठेकेदारानं खुंट्या काढून त्या जागी दगड रोवले. झालं काम.

फक्त त्या सकाळी सांडव्याच्या माथ्यावर पोती होती. मातीनं भरलेली खताची पोती, एक थर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आदल्या उन्हाळ्यात तुमच्या वस्तीची विहीर आटली होती, बायकांनी पाण्यासाठी डोंगर उतरून पाय मोडून घेतले होते. म्हणून पाऊस ओसरताना वस्तीनं गुपचूप पोती मांडली आणि वीतभर पाणी जास्त अडवलं. त्यांनी कुणाचं काही चोरलं नाही. वाहून जायचं ते थांबवलं. पण त्यामुळं त्या सकाळी पाणी माथ्याला नव्हतं, वीतभर वर होतं. आणि आपण त्या पाण्याच्या कडेनं सरकारची हद्द आखून मोकळे झालो.

वीतभरानं काय होतं? उभ्या काठाला काही होत नाही, खुंटी हातभर सरकते. पण तलावाच्या शेपटाकडं, जिथं ओढा येऊन मिळतो, तिथली जमीन ताटासारखी सपाट. तिथं वीतभर पाणी चाळीस पावलं आत शिरतं. त्या चाळीस पावलांत चिमाबाईची तीन भातखाचरं आहेत. नवरा गेलेला, मुलगी दिलेली, आणि घरात ती एकटी. तीन खाचरं हेच तिचं सगळं.

कित्येक वर्षं काही झालं नाही. चिमाबाई दगडाच्या आत इंद्रायणी भात लावायची, दगडावर विळ्याला धार काढायची, भाताच्या मागं वाल टाकायची. कुणी विचारायला गेलं नाही. मग गेल्या भाद्रपदात उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र घेऊन नवी पोरं आली. सगळ्या तलावांच्या हद्दी एकदाच्या कायमच्या पक्क्या करायच्या असं वरून ठरलेलं. पोरं हुशार, कामाला वाघ. एकेका दगडावर यंत्र ठेवायचं, बटण दाबायचं, पुढं जायचं. दगड योग्य जागी आहे का, हे विचारायचं बटण त्या यंत्रात नाही. काठाची मोकळी जमीन तंबूंना आणि नौकाविहाराला द्यायची, असंही ठरलं. आणि चिमाबाईला नोटीस गेली: सरकारी तलावाच्या हद्दीतलं अतिक्रमण काढून घ्यावे.

तुम्ही तिला घेऊन लोणावळ्याला माझ्या घरी आलात. स्वयंपाकघरातच बसलात दोघं. ती खुर्चीवर बसेना, खालीच टेकली.

"ताई, तितलं दगड चुकल्यात," तुम्ही म्हणालात.

"कशावरून?"

"म्या सांगतो म्हनून."

"असं चालतं का, भाऊ? वहीवर माझी सही आहे, तुमची आहे. चुकलं असेल तर का चुकलं ते सांगा."

तुम्ही तंबाखूची डबी काढलीत, परत खिशात ठेवलीत. चिमाबाई म्हणाली, "बाई, मला त्या वहीतलं कळत न्हाई. पर माज्या बांधाला पानी कदी लागलं न्हाई. त्या एका सालीच लागलं."

मी पोहे केले, चहा केला आणि म्हटलं, "बघते." सरकारी नोकरीतल्या 'बघते'चा अर्थ तुम्हाला ठाऊक होता. तक्रार घेऊन येणाऱ्याला कधी 'करते' म्हणायचं आणि कधी 'बघते' म्हणायचं, हे तुमच्यासमोरच तर मी शिकले. तुम्ही चहा अर्धा ठेवलात.

नंतर दोनदा आलात. मग फोन. शेवटच्या फोनवर आपण कडाकडा भांडलो. "तुमच्या नोकरीचं पाच म्हैनं ऱ्हायलं," तुम्ही म्हणालात, "त्या पाच म्हैन्यांसाटी एका बाईच्या पोटावर पाय देताय. तुमी अशा न्हवता, ताई." मी म्हटलं, "तुम्ही कारण सांगत नाही आणि मला शिकवताय?" आणि फोन ठेवला. आपटलाच म्हणा ना.

दिवाळी झाली आणि तुम्हाला तळेगावच्या दवाखान्यात नेल्याचं कळलं. मी आले तेव्हा तुम्ही इतके वाळला होतात की आधी मी दुसऱ्याच खाटेकडं गेले. वहिनी औषध आणायला खाली गेल्या. तुम्ही खूण करून मला जवळ बोलावलंत.

"ताई, म्या तुमाला फशिवलं."

मी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"त्या सकाळी सांडव्यावर पोती व्हती. आमच्याच वस्तीची. मला ठावं व्हतं. सांगितलं असतं तर आमची मान्सं गोत्यात आली असती, पानी ग्येलं असतं. म्हनून म्या खुट्ट्या ठोकीत ग्येलो. तुमी माज्यावर इस्वास ठिवला आन् म्या..." तुम्हाला खोकला आला. तो थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "माज्या नावावर घाला. धाऊनं दडवलं म्हनून लिवा. पर चिमीची खाचरं सोडवा."

आणि मी काय केलं? तुमच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "असू द्या, भाऊ. झालं ते झालं. माझ्या मनात काही नाही." तुम्ही दोन्ही हात जोडलेत. सलाईनची नळी ताणली गेली म्हणून नर्स ओरडली. मी तुम्हाला माफ केलं, भाऊ! मी! चार दिवसांनी तुम्ही गेलात.

आता ऐका.

मी पोती पाहिली होती. त्याच सकाळी. तुम्ही काठाला खुंट्यांची मोळी सोडत होतात तेव्हा मी बांधावर दुर्बीण लावली, सवयीनं, एकदा सांडवा बघून घ्यावा म्हणून. पांढरी पोती, निळा पट्टा, फटीफटींतून झिरपणारं पाणी. लख्ख दिसलं. न कळायला मी काय आंधळी होते? पोती काढा म्हटलं असतं तर पाणी उतरायला आठ दिवस गेले असते. वाऱ्यामुळं आधीच दोनदा परत फिरलो होतो. परत ती एसटी, परत तो चढ. साहेब रोज विचारत होते, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पोरगी लहान. वस्तीचं पाणी जाईल, हेही मनात आलं. पुढं हेच कारण मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं, कारण ते ऐकायला बरं वाटतं. पण खरं कारण कंटाळा, भाऊ. नुसता कंटाळा. वीतभरानं काय होतंय, असं म्हटलं, दुर्बीण पेटीत ठेवली आणि तुम्हाला हाक मारली, "चला, करा सुरू."

तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत. तुम्हाला वाटलं, हिला दिसलं नाही. मला कळलं की तुम्हाला तसं वाटतंय, आणि मी तसंच वाटू दिलं. पुढची सगळी वर्षं वाटू दिलं. मी फसलेली आणि तुम्ही फसवणारे, ही वाटणी मला सोयीची होती. कधी उलटलंच तर माझ्यापुरतं छप्पर तयार होतं. म्हणून तर माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच ओट्यापाशी उभी राहून, मी तुम्हाला विचारू शकले, कशावरून? लाज वाटते मला.

तेराव्याला चिमाबाईच वाढत होती. माझ्या पत्रावळीपुढं आली, भात वाढला, वर वरण घातलं, "सावकाश जेवा, बाई," म्हणाली आणि पुढं गेली. नोटिशीचं एका शब्दानं विचारलं नाही. तो भात मला गिळवेना. दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढं जाऊन उभी राहिले आणि पोत्यांचं सांगितलं.

आपले हे साहेब माझ्या पोरीच्या वयाचे आहेत. वाईट नाहीत. टेबलावर फायलींचा डोंगर, फोन सारखा वाजतोय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, बाईंची जमीन सुटेल. फेरपातळी लावू. पण तुम्ही कशाला अडकता? खलाशानं माहिती दडवली, असं लिहा. तो आता हयात नाही. त्याला कोण काय करणार?"

भाऊ, एक घटकाभर मला तेच बरं वाटलं. तुम्हीच तर म्हणाला होतात, माज्या नावावर घाला. चिमाबाईचं काम झालं असतं, माझे निवृत्तीचे कागद सुरळीत गेले असते, तुमचा शब्दही राहिला असता. मी त्यांच्या पुढ्यात बसून 'खलाशी धाऊ' इथपर्यंत लिहिलं. मग पुढं लिहवेना. तुम्ही दगडावर बसून शेंगा सोलत होतात ते डोळ्यापुढं आलं म्हणून नाही. तेवढी मी हळवी राहिलेली नाही. आणखी एकदा खोटी सही करायची ताकदच उरली नव्हती. मी तो कागद फाडला, दुसरा घेतला. सांडव्यावर पोती असल्याचे मोजणीपूर्वी मी स्वतः दुर्बिणीतून पाहिले होते, तरीही खुंट्या ठोकण्यास मी सांगितले, असं लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. "चौकशी लागेल," म्हणाले. मी म्हटलं, "लागू दे." त्यांनी सांडव्यापासून नव्यानं पातळी घ्यायचा शेरा मारला. त्या यंत्रानं एका दुपारचं काम. चिमाबाईची नोटीस तोवर थांबली आहे. थांबली आहे हं, रद्द झालेली नाही. तेवढा फरक तुम्हाला कळतो.

काल मी त्या कागदाची एक प्रत घेऊन तुमच्या वस्तीवर आले. एसटी आता जरा पुढं येते, तरी चढ तोच. दोनदा बसले वाटेत. खरं सांगू का, मला वाटत होतं की वहिनींना बरं वाटेल. धाऊचं नाव कुठं लागलं नाही, हे त्यांना वाचून दाखवावं, एवढाच विचार. मी बहुधा शाबासकी घ्यायलाच आले होते.

वहिनींनी मला पाहून चुलीवर चहाचं पातेलं ठेवलं. मी भिंतीला टेकून बसले आणि वाचायला लागले. सरकारी भाषा, मध्ये मध्ये थांबून सोपं करून सांगत होते. त्या फुंकणीनं जाळ करता करता ऐकत होत्या. 'मी स्वतः दुर्बिणीतून' या वाक्याला त्यांनी फुंकणी खाली ठेवली.

"थांबा. त्ये परत वाचा."

मी परत वाचलं.

"म्हंजी तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"पैल्यापासनं?"

"त्याच सकाळपासून."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"नोटीस आल्यापासनं त्यांना झोप न्हवती," त्या म्हणाल्या. "उटून बसायचं आन् म्हनायचं, म्या ताईंना फशिवलं. त्या येवडा इस्वास ठिवत्यात आन् म्या त्यांना खाली मान घालाय लावली. भाकर उतरंना गळ्याखाली. डाक्टर म्हनला, फुप्फुस ग्येलं. मला ठावं हाय काय ग्येलं ते." मग थांबून म्हणाल्या, "दवाखान्यात तुमी खाटंपाशी व्हता न्हवं?"

"होते."

"त्यांनी तुमाला सांगितलं न्हवं?"

"सांगितलं."

"मग तुमी का न्हाई सांगितलं?"

चिमाबाईची खाचरं सुटतील कदाचित. त्याला कागद आहे, शेरा आहे, दुपारभराचं यंत्र आहे. पण तुम्ही माझी माफी घेऊन गेलात. ती परत कशी घेऊ? खाटेपाशी बसून मला चार शब्द बोलायचे होते: मीही पाहिली होती, भाऊ. चार शब्द. तुम्हाला झोप लागली असती.

वहिनींनी पातेलं चुलीवरून उतरवलं. चहा झाला नव्हता. लाकडं मागं ओढली, त्यांच्यावर पाणी मारलं आणि माझ्याकडं पाठ करून दाणे निवडायला बसल्या. मी कागदाची घडी केली, उठले, दाराशी आले.

"येते, वहिनी," मी म्हटलं.

सावकाश चपला घातल्या. त्या 'या' म्हणाल्या नाहीत.